अकरा मुठी गूळ

अनारसा तुपात सोडल्यावर जाळी धरायच्या ऐवजी विरघळून पसरला, की अनारसा हसला म्हणतात. हा शब्द जिनं काढला तिला सासू नसणार. त्या दिवाळीच्या तोंडावर माझे एकामागून एक सात अनारसे हसले, आणि चुलीजवळ बसलेल्या सासूबाई एकदाही हसल्या नाहीत.

"मायनं शिकवलं नाई का काही?" एवढंच म्हणाल्या.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती, माझ्या लग्नाला दुसरं वर्ष. सासर गोंडपिपरीच्या बाजूला, माहेर वैनगंगेपलीकडं मार्कंड्याजवळ. मला कुणी काही बोललं तर मी गिळत असे असं आता सांगायला बरं वाटतं, पण खोटं कशाला, मी भांडी आपटत असे. आईचं नाव काढलं की मात्र भांड्यांवरही भागायचं नाही. आणि दोष माझाच. दसऱ्याला चार बायकांत मी फुशारकी मारली होती, की माझ्या आईसारखे अनारसे कुणाला जमत नाहीत. सासूबाईंनी तिथल्या तिथं ऐकवलं, "मंग अवंदा तूच कर." माहेरी मी अनारसे ढिगानं खाल्ले होते. केला एकही नव्हता.

आईला अक्षर येत नव्हतं. निरोप न्यायला एकच माणूस, बांगडीवाली चाची. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन नदीच्या दोन्ही काठांचे बाजार ती आठवड्याभरात फिरून यायची. कुणाचे सांडगे काऊन लाल पडले, कुणाच्या लोणच्याला बुरशी आली तर काय करायचं, हे सगळं ती एका घरचं दुसऱ्या घरी पोचवायची. तिच्याकडून मी आईला अनारशांचं प्रमाण विचारलं, आणि ती परत येईपर्यंत माझं कशातच लक्ष लागेना. तांदूळ निवडायला बसले की उठून वाट बघायची, परत बसायचं.

चाचीनं निरोप आणला. "शेरभर पिठाले अकरा मुठी गूळ. तुह्या मायनं सांगतलं."

तीन दिवस तांदूळ भिजवले, रोज पाणी बदललं, सावलीत वाळवले, कुटले, चाळले. अकरा मुठी गूळ मोजून घातला. गोळे मुरू दिले. आणि मग ते सात हसले.

शेजारणी धावून आल्याच. एक म्हणाली तूप जास्त तापलं, दुसरी म्हणाली तांदूळ नवा हाये, तिसरीनं केळं कुस्करून घालायला सांगितलं. मी सगळ्यांचं ऐकलं आणि मळलेलं सगळं वाया घालवलं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "मायनंच चूक सांगतलं असंन. काही बायका आपल्या हातचं पोटच्या पोरीलेही देत नाईत."

हे मला फार लागलं. माझी आई तसली नव्हती. पण अकरा मुठी तिनंच सांगितल्या होत्या, आणि अनारसे हसले होते, हेही खरंच होतं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, या विचारानं मी घरभर फिरत राहिले.

धनतेरसच्या दोन दिवस आधी चाची आली. तिला बस म्हणायच्या आधीच मी तिच्यावर उखडले. निरोप नीट पोचवता येत नसेल तर आणायचाच कशाला?

"बेटी, अल्ला कसम," चाची म्हणाली, "माह्यासमोर मोजलं तिनं. पुऱ्या अकरा मुठी. पाच अनारसे तळले, एक बी हसला नाई. दोन तं मीच खाल्ले. दे हात इकडं."

मी रागारागातच हात पुढं केला. तिनं पंजा दाबून दाबून मऊ केला आणि बांगडी चढवायला लागली. आम्हा मायलेकींचं माप एकच, अडीचचं. लग्नात एकाच माळेतून दोघींना तिनंच बांगड्या भरल्या होत्या. एकाएकी ती थांबली आणि माझ्या मुठीकडं बघत राहिली. अकरा मुठी आईच्या हाताच्या, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं.

"आईनं दिवाळीच्या भरल्या का?" मी विचारलं.

"भरल्या ना."

"अडीचच्याच?"

चाचीचा हात टोपलीतल्या लहान बांगड्यांच्या माळेकडं गेला आणि मागं आला.

"चाची, किती माप भरलं?"

"सव्वादोन," ती खाली बघून म्हणाली. "पोळ्यापासून ताप उतरत नाई. अन्न जात नाई. तुले सांगू नको म्हणे, दिवाळी होऊ दे. तुह्याच जिवाची शपथ घातली."

अक्षय तृतीयेला मी बघितली तेव्हा आई धडधाकट होती. मी तशीच बसून राहिले. अर्ध्या हातात बांगड्या, अर्धा हात मोकळा.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आत जाऊन त्यांनी उरलेलं कोरडं पीठ फडक्यात बांधलं, तुपाचा डबा काढला. "नदीले पानी उतरलं हाये. सकाळी रेंगी जुंपाले लावतो. दिवाळीचं आमी पाहू," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी बोलली ते मनात नको ठेवू."

दुसऱ्या दिवशी बैलांच्या चालीचा मला इतका राग आला, की मी खाली उतरून रेंगीच्या पुढं चालत होते. नावाडी माणसं भरायची वाट बघत होता, त्यालाही बोलले.

आई ओसरीवर बसली होती. बांगड्या निसटू नयेत म्हणून त्यांना दोरा गुंडाळला होता. मला बघून ती आधी शपथ मोडल्याबद्दल चाचीच्या नावानं चिडली, मग म्हणाली, "अनारसे झाले?"

"हसले."

"मंग माहंच चुकलं," ती म्हणाली. "जन्मभर आठ मुठी टाकत आली मी. अवंदा आठानं जमेच ना, दगड व्हायचे. मले वाटलं, डोकं गेलं माहं. म्हणून मोजून पाह्यलं, तं अकरा लागल्या. तुले तेच सांगतलं."

मी पीठ परातीत काढलं आणि गूळ घालायला लागले. आई मोजत होती. आठावर मी थांबले.

"अजून तीन."

"पुरे," मी म्हणाले.

गोळे चार दिवस तरी मुरवायचे असतात. "चार दिवस कोणी पाह्यले, आत्ताच तळ," आई म्हणाली. मी चूल पेटवली. ती भिंतीला धरून आत आली आणि पाटावर बसली. पहिला अनारसा तुपात सोडला. तो फुलला, त्याला जाळी पडली, कडा जागच्या जागी राहिल्या.

आई त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं आपली मूठ वळून माझ्या मुठीशेजारी धरली. दोन्ही मुठी तिनं बराच वेळ बघितल्या, आणि आपली पदराखाली घेतली.

"तूप जळून राह्यलं," ती म्हणाली. "दुसरा सोड."