हेदवीच्या स्वयंपाकाच्या बाई

मुलांनो, हे मी तुमच्या आजोबांनाही सांगितलं नव्हतं. ते गेले तेव्हा वाटलं, आता सांगायला कुणी उरलंच नाही — म्हणजे सुटले. पण सुटले का?

माझी मोठी बहीण आक्का तुम्ही पाहिलेली नाही. हेदवीला तिचं सासर. यजमान गेले, आणि ती विसरू लागली, म्हणून मी तिला रत्नागिरीला आणलं. गॅस चालू ठेवायची. अंगावर नेसलेली साडीच शोधत फिरायची. मला मात्र ‘सुमे’ अशी हाक मारायची. त्या नावाने मला हाक मारणारं दुसरं कुणी राहिलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णव साली तिला मुंबईच्या डॉक्टरांना दाखवलं. अल्झायमर हा शब्द तिथे पहिल्यांदा ऐकला. आमची आई अशीच गेली, मामाही, असं मी म्हणाले तेव्हा ते लिहायचे थांबले. हा आजार रक्तातून उतरू शकतो, म्हणाले. उतरेलच असं नाही, पण पुढच्या पिढीला सांगून ठेवा. तसं इंग्रजीत लिहूनही दिलं. घरातला प्रत्येक कागद तारखेवार लावणारी मी — तो कागद न्हाणीतल्या बंबात घातला. का? तुमच्या आईचं लग्न जमत आलं होतं.

पुण्याची मंडळी गणपतीपुळ्याचं दर्शन घेऊन आमच्याकडे आली. पुरुषमाणसं आजोबांबरोबर कलमं बघायला गेली. तुमच्या दुसऱ्या आजी चौकस; घराण्यात काही आजार वगैरे, असं त्यांनी सरळच विचारलं. आईचं मी रक्तदाबावर ढकललं, मामाचं म्हातारपणावर. इथवर खोटं बोलणं झालं. एवढ्यावर थांबले असते तर —

मागच्या खोलीत बसवलेली आक्का बाहेर आली. हातात घावन्यांचं ताट, पदर उलटा. घावने तिनेच काढले होते. हात काही विसरले नव्हते.

“कोण गो ही माणसं?”

मी सांगितलं. तिने पुन्हा तेच विचारलं. मग पुन्हा. त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं — ह्या कोण?

“स्वयंपाकाच्या बाई,” मी म्हणाले. “हेदवीच्या.”

आमची दोघींची नाकं अगदी एकसारखी. पण स्वयंपाकाच्या बाईचं नाक कोण बघतं?

आक्काने ताट त्यांच्यापुढे ठेवलं. मग म्हणाली, “होय, बाई. आणखी आणू?”

तुमच्या आईचा चेहरा उतरला. तिला वाटलं, मला मावशीच्या अवताराची लाज वाटली. त्या कागदाचं तिला आजही ठाऊक नाही.

आक्का हेही विसरेल, अशी माझी अटकळ होती. सगळंच विसरत होती — मग नेमकं हेच कसं राहिलं? त्या दिवसापासून ती आमच्या पंगतीला बसेना. सगळ्यांचं झालं की ओट्याखाली ताट घेऊन बसे. मला ‘बाई’ म्हणू लागली. तिन्हीसांजेला दारात येऊन विचारी, घरी जाऊ काय? आजोबा म्हणत, आजार वाढला. मीही मान हलवत असे.

अशी ती तीन वर्षं जगली. तू माझी बहीण आहेस, एवढंच सांगायचं होतं. कदाचित पाच मिनिटंच तिच्या लक्षात राहिलं असतं. मी एकदाही सांगितलं नाही. सोयरे येत-जात होते. ती स्वयंपाकाची बाईच राहण्यात माझी सोय होती.

माझ्या आईला, मामाला आणि आक्काला हा आजार होता. तुमची आई माझी मुलगी आहे, आणि तुम्ही तिची मुलं. आणि मला हे तिच्या लग्नाआधीपासून ठाऊक होतं.