गजभिये मॅडमचा किरायेदार

कॉम्प्युटरवर काहीही टाकलं की गजभिये मॅडम आधी उठायच्या आणि भिंतीवरच्या कागदात त्याची नोंद करायच्या. खिळ्याला अडकवलेलं जुन्या कॅलेंडरचं पान, त्याच्या पाठीवर चार रकाने: कोणती मशीन, काय टाकलं, कुठं टाकलं, कोणी सांगितलं. मी हसायचो. त्या म्हणायच्या, "तोंडचं काही खरं नाही सर, कागद बोलते."

मध्य प्रदेशातलं आमचं पांढुर्णा जिल्हा झालं तेव्हा आमच्या नव्या कार्यालयात सहा मशीन आल्या. त्यांचा पासवर्ड मात्र भोपाळच्या मुख्य कार्यालयात. जमिनीचे नकाशे उघडायचं सॉफ्टवेअर टाकायला गेलं की मशीन तो पासवर्ड मागायची, आणि तिकडे फोन कोणी उचलत नसे. नकाशाच्या नकलेसाठी आलेली माणसं दिवसभर बाकावर बसून असायची. शाखेचा प्रमुख मी. मीच मॅडमना म्हणालो, काहीतरी करा.

मॅडम कंत्राटी ऑपरेटर, रोज सौंसरहून बसने यायच्या. दोन दिवसांत त्यांनी एक लहानसा प्रोग्राम लिहिला. एरवी सॉफ्टवेअर मशीनच्या ठरलेल्या जागीच जाऊन बसतं, आणि त्या जागेला होतं कुलूप. हा प्रोग्राम त्याला डी ड्राइव्हमधल्या आपल्या फोल्डरात बसवायचा आणि हेच तुझं घर, असं त्याला पटवायचा. त्याचं नाव त्यांनी ठेवलं किरायेदार, म्हणजे भाडेकरू. कुलूप तोडलंत का, असं मी घाबरून विचारलं.

"कुलपाले हातच नाही लावला, सर. ओसरीत बिछाना टाकून राहिलो आपण. पण घरमालकाले सांगा लागते."

म्हणजे भोपाळला पत्र लिहा. दर आठवड्याला त्या आठवण द्यायच्या, मी हो म्हणायचो. मी ते लिहिलं नाही. परवानगी मागितली तर नकार येईल, आणि माझी बढती जवळ आली होती.

मग तपासणी येणार असल्याचं कळलं. आदल्या दिवशी मॅडम जेवायला गेल्या असताना मी तो कागद खिळ्यावरून काढला, घडी केली आणि खिशात घातला. त्याच्या चौथ्या रकान्यात प्रत्येक ओळीत माझं नाव होतं.

तपासणीच्या साहेबांनी विचारलं, हे कोणी टाकलं? मॅडम म्हणाल्या, मी. कोणाच्या सांगण्यावरून? त्यांनी मागे वळून भिंतीकडे पाहिलं. रिकामा खिळा. मग माझ्याकडे पाहिलं. मी समोरची फाईल वाचत होतो, एकच ओळ, पुन्हा पुन्हा.

"कागदावर होतं, साहेब," त्या म्हणाल्या. "आता दिसून नाही राहिला."

साहेबांनी मला विचारलं. मला कल्पना नाही, असं मी म्हणालो.

मॅडमनी तोंडी माझं नाव घेतलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांचं कंत्राट वाढलं नाही. मला त्याच कार्यालयात बढती मिळाली. किरायेदार काढायची हिंमत मात्र कोणी केली नाही, कारण तो काढला की नकाशे बंद.

कागद दीड वर्ष माझ्या कपाटात होता. गेल्या रविवारी तो घेऊन सौंसरला गेलो. तिथं त्या ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान चालवतात. मला पाहून म्हणाल्या, "या सर. कोणता फॉर्म भरायचा आहे?" मी घडी उलगडून समोर ठेवली आणि सगळं सांगितलं. माफी मागितली.

त्या कागदच वाचत होत्या, बोट ठेवून, ओळ न ओळ. मग पेन उचलला आणि चौथ्या मशीनसमोरचं फोल्डरचं नाव खोडून नवं लिहिलं. म्हणाल्या, मागं बदललं होतं, लिहायचं राहून गेलं होतं. कागद त्यांनी परत माझ्या हातात दिला.

"मले काहाले देता? जिथं होता तिथं लावा."

सोमवारी मी तो त्याच खिळ्याला लावला. दुपारी आमच्या कार्यालयाचे नवे साहेब तिथून जाताना थांबले, चष्मा चढवून बराच वेळ वाचत राहिले. उद्या अकरा वाजता त्यांनी मला बोलावलं आहे. येताना तो कागद काढून आणा, असं म्हणाले.

मी म्हणालो, साहेब, तो तिथंच राहू द्या. मी येतो.