अम्मीचं व्हिजिटिंग कार्ड

ग्रुपवरच्या मंडळींनो, राजुऱ्याच्या सायबर कॅफेतून लिहून राह्यलो. गोष्ट आज दुपारचीच आहे अन् छाती अजून फुगलेली आहे.

मी कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन. तिथं नवीन मशीन बसवायले जपानहून एक इंजिनिअर आलेत. आज त्यांना घरी जेवायले बोलावलं.

अब्बांनी मले इंग्रजीत विचारायले लावलं, आमचा देश कसा वाटला? साहेब खरं तेच बोलले. दिल्लीत हॉर्ननं डोकं उठलं, लोक पहिल्याच भेटीत लेकरं किती ते विचारतात, अन् जेवणात तिखटाशिवाय काही समजतच नाई. माझं तोंड उतरलं.

तेवढ्यात त्यांची नजर चुलीकडे गेली. अम्मी लंबी रोटी करत होती. ओली कणीक दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत ताणायची अन् उपड्या मटक्यावर टाकायची. साहेब उठले, हात धुऊन स्वतः करायले गेले. तीनदा कणीक फाटली.

निघताना त्यांनी वाकून, दोन्ही हातांनी आपलं व्हिजिटिंग कार्ड दिलं. अब्बांना नाई, मले नाई. अम्मीले!

"हे काऊन?" अम्मीनं विचारलं.

"त्यांच्याकडे कामाची माणसं एकमेकांले अशी ओळख देतात," मी सांगितलं.

अम्मीनं एका रोटीची रुमालासारखी घडी केली, तशीच वाकून दोन्ही हातांनी त्यांना दिली. "त्यांले सांग बाबू, माझं कार्ड हे."

मी इतकी वर्षं ती रोटी टीव्ही पाहत, एका हातानं घेत आलो. तुम्ही कशी घेता?