गळा माझा

माझ्या बाबांनी तीन वर्षं मला ताकाचा घोट घेऊ दिला नाही. चिंच, बोरं, कैरी, अंबाडीची भाजी, सगळं बंद. का, तर आंबटानं गळा बसतो. गळा माझा आणि काळजी त्यांना. मला विचारलं होतं कुणी?

मोताळ्याजवळच्या आमच्या गावात भजनी मंडळ होतं. बाबा त्यात वीस वर्षं मागच्या रांगेत टाळ वाजवत बसले. बुवा पुढे बसून ओळ म्हणायचे, मागचे ती उचलायचे. बाबांना पुढे या असं कधी कुणी म्हटलं नाही, कारण आवाज फाटका. मग महाराष्ट्र राज्य झालं, ग्रामपंचायतीत रेडिओ आला. त्यावर एका लहान मुलीचं गाणं ऐकून बाबा घरी आले ते माझ्याकडे बघतच. आडात नसलं तरी पोहऱ्यात येईल, अशी त्यांची खात्री.

रोज सकाळी खंजिरी घेऊन शिकवणी. शाळेतून आले की दारातच, "जीभ दाखव वं." मैत्रिणी बांधावर बोरं खायच्या, मी बघत बसायची. आई कढी वाढायची ती माझ्याकडे पाठ करून. मला गाण्याचा संताप यायचा. अजून येतो.

मी अकरा वर्षांची असताना वडनेर भोलजीला भजनांची स्पर्धा होती. बाबांनी मंडळाच्या हातापाया पडून मला पुढे बसवलं. बैलगाडीनं गेलो. मंडप गच्च भरलेला. पेटी वाजली, तबला सुरू झाला, आणि मी तोंड मिटून बसले.

"म्हन वं," बाबा मागून कुजबुजले. "काऊन थांबली?"

मी वळले आणि खंजिरी त्यांच्या मांडीवर ठेवली. "मले नाई म्हनायचं बाबा. तुमाले म्हनायचं हाये ना, तं तुमीच म्हना."

मंडपात हशा पिकला. बुवाही हसले, "म्हना ना भाऊ, पोरगी बराबर बोलून राह्यली."

बाबा खरंच पुढे सरकले. खंजिरी धरली, तोंड उघडलं, आणि तसेच राहिले. वीस वर्षं दुसऱ्याची ओळ उचललेला माणूस तो. पहिली ओळ आपण कशी म्हणायची, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ते माझ्याकडे बघू लागले. ओळ मला पाठ होती. मी नुसती सुरुवात करून दिली असती, तर त्यांनी ती उचलली असती.

मी दिली नाही. पोरगी दगडाच्या काळजाची, असं पुढे पुष्कळांनी म्हटलं. म्हणू देत.

शेवटी बुवांनीच भजन ओढून नेलं. दुसऱ्या दिवशी आम्ही जेवायला बसलो, तर ते उठून चुलीपाशी गेले आणि कढीची वाटी स्वतःच्या हातानं माझ्या ताटात ठेवली. मला रडू फुटलं. रडत रडत मी ती कढी संपवली आणि वाटी पुन्हा पुढे केली.