उजवा हात लेकरांचा, डावा ताईंचा

फोन आला तेव्हा मी नांदेडला माझ्या क्लासमध्ये होते. लोह्याहून दर शनिवारी येणारी एक चिमुरडी पियानोपाशी बसून वाजवत होती, तिचे वडील बाहेर मोटारसायकलला टेकून उभे होते. मोबाइलवर लातूरच्या काकांचं नाव दिसलं. काका म्हणजे प्रमिलाताईंचे यजमान. ते आपणहून कुणाला फोन करत नसत, ते काम ताईंचं. मी फोन उचलायला हात पुढं केला, पण पोरगी वाजवण्यात रमली होती, आणि वाजवणाऱ्याला मध्येच थांबवायचं नाही हे ज्यांनी मला शिकवलं त्यांच्याबद्दलचीच ही बातमी असणार, हे मला का कुणास ठाऊक, फोन न उचलताच कळलं होतं. मी तिला शेवटपर्यंत वाजवू दिलं. मग तिला वडिलांकडं पाठवलं आणि काकांना फोन लावला. "नंदा, प्रमिला गेली बघ," ते म्हणाले. "झोपेतच. चहाला उठवायला गेलो तर... ये तू."

नांदेडहून लातूरला एसटीनं जाताना, लोहा आणि अहमदपूर मागं पडेपर्यंत, माझी बोटं मांडीवर आपोआप हलत होती. शेजारची बाई दोनदा वळून बघत होती. तिला काय सांगणार? ज्या बाईंनी ही बोटं घडवली त्या गेल्या, एवढंच सांगता आलं असतं, आणि तेवढ्यानं काहीच सांगून झालं नसतं.

ताई मूळच्या नांदेडच्या. त्यांचे वडील एका मिशन दवाखान्यात वॉर्डबॉय होते. शाळा सुटली की ताई वडिलांची ड्यूटी संपेपर्यंत दवाखान्याच्या प्रार्थनाघराच्या पायरीवर बसायच्या. आत एक म्हातारी सिस्टर पियानो वाजवायची. एक दिवस तिनं बाहेर येऊन विचारलं, "रोज इथं का बसतेस?" ताई म्हणाल्या, "ऐकून राहिले." सिस्टरनं हात धरून आत नेलं. बाबासाहेबांचा फोटो घरात लावून लेकीला शिकवायचंच असं ठरवलेल्या वडिलांना हे कळलं, तेव्हा ते म्हणाले म्हणे, "पुस्तकातलं शीक आन् ह्येबी शीक. शिकायला बंदी न्हाई आता आपल्याला." हे वाक्य सांगताना ताईंचा आवाज दर वेळी थोडा हलायचा. पुढं त्या सिकंदराबादला राहून शिकल्या, तिथल्या शाळेत शिकवू लागल्या आणि लग्नानंतर लातूरला आल्या. काका पाटबंधारे खात्यात होते. संसाराच्या सामानात सिकंदराबादहून एक जुना उभा पियानो आला, टेम्पोत कडब्याच्या पेंढ्या अंथरून त्यावर आडवा निजवून. कॉलनीतल्या बायकांना वाटलं, साहेबांनी मोठं शोकेस आणलं. ताईंनी झाकण उघडून एक पट्टी दाबली, तेव्हा सगळ्या दोन पावलं मागं सरकल्या. हा किस्सा काका फार रंगवून सांगत.

माझे अप्पा उदगीरचे, लातूरच्या गंजगोलाईजवळ त्यांचं भुसाराचं दुकान. आमच्या घरात गाणं म्हणजे सोमवारची शिवाची आरती, त्यापलीकडं काही नाही. पण मी दुकानाच्या गल्ल्यावर दिवसभर बोटं बडवायची, म्हणून वैतागून कुणाच्या तरी सांगण्यावरून अप्पांनी मला ताईंकडं नेलं. पहिल्याच दिवशी ताईंनी मला डावीकडची एक पट्टी दाबायला लावली आणि म्हणाल्या, "बोट उचलू नको. आवाज कुठवर जातोय बघ." मी ऐकत राहिले. आवाज बारीक झाला, अजून बारीक झाला... मला वाटलं संपला. ताईंनी मान हलवून नाही म्हटलं. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला, कुकरची शिट्टी झाली, आणि त्या सगळ्याच्या खालून तो सूर अजून येतच होता. मग एका क्षणी तो खरंच नव्हता. "आत्ता संपला," मी म्हणाले. ताई इतक्या आनंदल्या की जणू मी एखादी अवघड रचना वाजवून दाखवली. पहिली शिकवणी तेवढीच. अप्पा परतताना कुरकुरले, "एकच बटन दाबलं की गं तू. गाणं कधी वाजवायचीस?" पुढच्या आठवड्यात त्यांनी ते ताईंनाच विचारलं. ताई शांतपणे म्हणाल्या, "अप्पा, आधी ऐकंल, मग वाजवंल. बोलायचं कसं शिकली ही? आधी तुमचं ऐकलंच ना?" पुढं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला अप्पा हे सांगायचे, स्वतःचंच म्हणणं असल्यासारखं.

ताईंच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द मी कधी ऐकला नाही. बोट भलतीकडं पडलं की त्या विचारायच्या, "काय ऐकू आलं तुला?" बस्स, एवढंच. मग आपणच परत वाजवून बघायचं, आपणच ऐकायचं, आणि खटकलेलं आपल्याच कानाला सापडायचं. त्यांचं म्हणणं असं की शिक्षकानं दाखवलेली चूक शिक्षकाची असते, ती त्याच्यासोबतच घरी जाते. स्वतःला सापडलेली जन्मभर पुरते. एक दांडगट मुलगा यायचा, पट्ट्यांवर हातोडे मारल्यासारखा वाजवायचा. दुसरं कुणी असतं तर 'हळू, हळू' म्हणून ओरडलं असतं. ताईंनी त्याला सांगितलं, "माझी सून आत बाळाला निजवून राहिली. ते उठणार न्हाई आन् मला मात्र ऐकू येईल, असं वाजव." पोरगं श्वास रोखून वाजवायला लागलं. खोलीत एकदम काहीतरी मऊ पसरलं... त्याला स्वतःलाच त्याचा धक्का बसला. त्या दिवसापासून त्याच्या हाताला हळुवारपणाची चवच लागली. बाळ खरोखर आत होतं आणि खरोखर झोपलेलं होतं, हेही सांगायला हवं. ताई खोटं सांगून शिकवत नसत.

लातूर हे क्लासेसचं गाव. बारावीचे गुण, मेडिकलचे नंबर, चौकाचौकांत पोरांचे फोटो. अशा गावात ताईंकडं ना परीक्षा होती, ना सर्टिफिकेट. एका मुलीची आई एकदा भांडायलाच आली. "मॅडम, वर्ष झालं, हिचा कितवा नंबर हाय क्लासमध्ये?" ताई म्हणाल्या, "ती तिच्यासारखी वाजवते. त्यात दुसरा कोण बसवू मी?" ती बाई मुलीला घेऊन गेली. ताईंना वाईट वाटलं, पण त्यांनी नंबर काही दिला नाही. ती मुलगी बारावीच्या ऐन धामधुमीत एकटीच परत आली आणि म्हणाली, "ताई, मी शिकायला न्हाई आले. नुसतं बसू का इथं?" ती दुपारी कोपऱ्यात बसून दुसऱ्यांचं ऐकायची आणि उठून अभ्यासाला जायची. ताईंनी तिला एकदाही वाजव म्हटलं नाही. आज ती डॉक्टर आहे. मातीच्या दिवशी सगळ्यात आधी पोहोचलेली तीच होती.

माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलेली एक गोष्ट मला आजही खरी वाटत नाही. लातूरच्या एका सभागृहात ताईंच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता. अप्पांनी सगळी भावकी गोळा करून आणली होती, उदगीरहून आत्या आल्या होत्या. मी वाजवायला बसले आणि अर्ध्यावर सगळं पुसलं गेलं. पुढची पट्टी कुठली, काही सुचेना. हात हवेतच राहिले. सभागृहात खुर्च्या करकरल्या, कुणीतरी उगाच टाळी वाजवली. ताई उठून आल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. मला वाटलं, आता कानात सांगतील. त्यांनी काहीच सांगितलं नाही. पट्टीला हात लावला नाही, माझ्या पाठीवरही हात ठेवला नाही. त्या नुसत्या बसल्या, समोर बघत, बसथांब्यावर बसावं तशा निवांत. किती वेळ गेला देव जाणे. आधी मला रडू येत होतं, मग येईनासं झालं. सभागृह एवढं शांत झालं की पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला, आणि त्या शांततेत माझ्या मघाच्या सुरांची शेवटची ओळ मला परत ऐकू आली. तिच्या मागोमाग पुढची. मी वाजवायला लागले आणि ताई उठून जागेवर गेल्या. नंतर मी विचारलं, "ताई, तुम्ही सांगितलं का नाही?" त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तू माझं वाजवलं असतंस. आन् मला माहीत होतं ना, तुझ्यात हाय म्हणून. मी फकस्त वाट बघायला आले." आजवर माझ्यावर एवढा भरवसा दुसऱ्या कुणी टाकलेला नाही, अगदी अप्पांनीही नाही.

कोरडा उन्हाळा पियानोच्या लाकडाला सोसत नाही, तडे जातात. म्हणून ताई पियानोच्या आत खालच्या बाजूला पाण्याचा एक वाडगा ठेवायच्या. लातूरला प्यायला पाणी नव्हतं त्या वर्षी हा वाडगा कोरडा पडला. ताईंनी स्वतःचा दुपारचा चहा बंद केला आणि ते पाणी तिथं ठेवू लागल्या. आम्हा मुलांना कळल्यावर प्रत्येक जण बाटलीतला शेवटचा घोट उरवून आणायला लागला. "त्याला तहान लागती गं," अप्पासुद्धा घरी सांगायचे, आणि आमची आई हसायची.

मी नांदेडला लग्न होऊन गेले, तिथं शिकवू लागले. आणि मग ताईंना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. मी भेटायला गेले तेव्हा त्यांचा उजवा हात उशीवर असा ठेवला होता, की तो दुसऱ्या कुणाचा तिथं विसरून राहिलाय असं वाटावं. मी काय बोलणार होते? ज्या हातानं... पण ताईंनीच जड जिभेनं, एकेक शब्द जुळवत म्हटलं, "बरं झालं आलीस. डावा हाय की. तू शिकव मला." मी म्हणाले, "ताई, मी तुम्हाला काय शिकवणार?" त्यावर त्या जराशा चिडल्याच. "मला न्हाई येत डाव्यानं एकट्यानं. येत न्हाई त्याला शिकवतात. कधी येतीस?"

मी महिन्यातून दोन-तीन रविवार जाऊ लागले. काका खुर्ची सरकवायचे, ताईंना धरून बसवायचे आणि बाहेर जायचे. आयुष्यभर ज्यांनी सगळ्या जिल्ह्याला शिकवलं त्या बाई माझ्यापुढं पाटी-पेन्सिल घेतलेल्या पोरीसारख्या बसायच्या. मी सांगेन तेच करायच्या. "ताई, तुम्हाला तर हे माहीतच आहे," म्हटलं की म्हणायच्या, "डोक्याला माहीत हाय. बोटाला न्हाई. बोटाला सांग." एकदा त्यांचं बोट पुन्हा पुन्हा घसरत होतं, आणि मला ते बघवेना म्हणून मी त्यांचं बोट धरून पट्टीवर ठेवलं. त्यांनी हात सावकाश काढून घेतला. "घाई तुला झाली, नंदा. मला न्हाई." मी हात मांडीवर ठेवले. त्या दिवशी त्या एकच ओळ वाजवत राहिल्या, आणि शेवटी ती ओळ अशी उमटली की खिडकीबाहेर काकांचं झाडांना पाणी घालणं थांबलं. त्या थकून हसल्या. "इतकी वर्षं शिकवलं, पर लेकरांना किती भ्या वाटत असंल ते आत्ता कळलं बघ मला. लई धीराची असतात गं लेकरं." सत्तरी ओलांडलेली बाई, निम्मं शरीर गमावलेली, आणि तिला स्वतःच्या धीराचं नाही, मुलांच्या धीराचं नवल वाटत होतं.

त्यानंतर जे झालं त्याची कल्पना मी तरी केली नव्हती. ताईंनी मुलांना पुन्हा बोलावलं. मूल उजव्या हाताचं वाजवणार, ताई त्याच्या डावीकडं खुर्चीत बसून डाव्या हाताचं. दोघांचा मिळून एक माणूस. पहिल्या दिवशी शेजारच्या कॉलनीतली एक लहान मुलगी बसली होती. ती घाबरून पुढं पळत होती, मग तिला कळलं की ताईंचा हात हळू आहे. ती थांबली. ताई पोहोचल्या. मग दोघी बरोबर निघाल्या. शिकवणाऱ्याची वाट शिकणारं बघत होतं! दाराशी उभ्या काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. नंतर आम्ही विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, "आधी मी शिकवायचे तव्हा लेकरं मला ऐकायची. आता एकमेकांला ऐकतो. हेच बरं हाय." शेवटपर्यंत त्या असंच शिकवत राहिल्या. गेल्या त्याच्या आदल्या दिवशीही दोन मुलं येऊन गेली होती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बुद्धवंदना झाली, लोक ताईंबद्दल बोलले, पांगले. काका म्हणाले, "पोरं विचारून राहिलेत, रविवारी यायचं का म्हणून. काय सांगू?" मी हो म्हणून गेले. आता रविवारी सकाळी लातूर, संध्याकाळी परत नांदेड.

पहिल्या रविवारी ताईंची खुर्ची भिंतीशी सरकवलेली होती. तिच्यावर बसणं माझ्यानं झालं नाही. काकांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी दारामागून एक बुटकं लाकडी स्टूल काढलं, फडक्यानं पुसलं आणि माझ्यापुढं ठेवलं. आजारपणाच्या आधी ताई याच स्टुलावर बसायच्या. त्यावरून उठणं जमेना, तेव्हापासून ते दारामागं पडून होतं. ताईंचे गुडघे दुखतात, पाय लांब करता यावेत म्हणून बुटकं घेतलं असेल, असं आम्हा मुलांना वाटायचं. मी बसले. समोर ती शेजारच्या कॉलनीतली मुलगी होती. ती वाजवू लागली आणि माझ्या ध्यानात आलं की इतक्या खालून पट्ट्या दिसतच नाहीत. कुठलं बोट कुठं पडतंय, काही कळत नाही. दिसतो तो फक्त लेकराचा चेहरा. कपाळावरची आठी, दाताखाली धरलेला ओठ, आणि सूर जुळला की उजळणारे डोळे.

मी काकांकडं पाहिलं. ते दारातच उभे होते. "तिनं मुद्दाम पाय कापून घेतले होते त्या स्टुलाचे," ते म्हणाले.