पडद्यापुढचं क्लॅरिनेट

आमच्या इंग्रजीच्या सरांना एकदा कशाचं वेड लागलं, की समोरच्याची धडगत नसे. साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी अमरावतीला बी.ए. करत होते, वसतिगृहात राहत होते. सरांनी मुंबईहून रेल्वे पार्सलनं एका विलायती कार्टून फिल्मचे डबे मागवले. विनोदी ऑपेरा, म्हणजे आपलं संगीत नाटकच, फक्त सगळी पात्रं हातानं काढलेली. कुणी बोलत नाही, भांडायचं तेही गाऊनच. रविवारी दुपारी कॉलेजच्या हॉलमध्ये खेळ ठरला, गावातल्या बड्या लोकांना आमंत्रणं गेली. आणि शुक्रवारी फिल्म लावून पाहिली, तर मशीन मुकं. फितीवरचा आवाज वाचणारा मशीनमधला दिवा उडाला होता आणि नवा मुंबईशिवाय मिळणार नव्हता. पडद्यावर एक ढेरपोट्या नगराध्यक्ष आ वासून एका धोबिणीपुढे हात पसरत होता, आणि हॉलमध्ये नुसती मशीनची टरटर.

सर डोकं धरून बसले. मग माझ्याकडे वळले. "तुझे वडील अकोल्याला बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे ना? त्यांना बोलाव. मूकपटांच्या काळात पडद्यासमोर पेटी वाजवायचेच की."

बाबा वाजवायचे, पण छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्यांनी वाद्याला हात लावला नव्हता. दुसऱ्याच्या दारात वाजवायचं, वरातीपुढे चालायचं आणि मांडवाबाहेर पंगत उठायची वाट पाहायची, हे आता बंद, असं आमच्या वस्तीनं ठरवलं होतं. बाबांनी तसा शब्द दिला होता. तेव्हापासून ते जिनिंग फॅक्टरीत गाठी उचलत. मला सरांचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण बाबांनी यावं असं मलाही वाटत होतं. त्यांना शेवटचं वाजवताना ऐकलं तेव्हा मी परकरी होते, आणि मला ते पुन्हा ऐकायचं होतं.

शनिवारी अकोल्याला घरी पोहोचले. माझं सांगून होईस्तोवर माय चुलीपुढून म्हणाली, "काहून सांगतलं तुनं बाबाचं नाव? बापाचा शब्द मोडाले आली काय?"

बाबा जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला. "वरात हाये काय?"

"नाही."

"कोनाची मिरवनूक?"

"नाही बाबा. चित्रं हायेत. चित्रं गातात, पन आवाज नाही त्याइले."

"आन लोकं?"

"खुर्चीवर बसून पाह्यतात."

"मंग मले कुठं बसवतीन?"

"खुर्चीवरच," मी छातीठोकपणे सांगितलं. खरं तर मला काहीच ठाऊक नव्हतं.

ते हात धुऊन वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडे गेले. दिवेलागणीला परत आले. म्हणाले, "ते म्हन्तात, बसवलं तं वाजवजो. उभं ठेवलं तं वापस ये."

रविवारी हॉलच्या खिडक्यांना वसतिगृहातल्या ब्लँकेटी ठोकल्या होत्या. सरांनी सकाळी बाबांना फिल्म नीट दाखवली, आग्रहानं चहा पाजला. पाहुणे यायला लागले तेव्हा मात्र त्यांनी पडद्यामागे बोट दाखवलं. तिथे एक स्टूल मांडलेलं होतं. "आवाज पडद्यातून आल्यासारखा वाटला पाहिजे. टॉकीजमध्येही कर्णा मागेच असतो," ते म्हणाले. त्यांच्या मनात काहीसुद्धा नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त संताप आला.

बाबा जागचे हलले नाहीत. "सायेब, मांगं बसून नाही वाजवत मी. पुढं बसतो, नाही तं मोटारीनं वापस जातो."

"अहो, पण लोकांचं लक्ष तुमच्याकडे जाईल."

"जाऊ द्या," बाबा म्हणाले.

सर एकदा पाहुण्यांकडे बघत, एकदा माझ्याकडे. बाबा खरंच निघून जातील हे सरांना कळत नव्हतं, मला कळत होतं. मी पाहुण्यांच्या रांगेतली एक खुर्ची उचलली, पडद्याशेजारी सगळ्यांना दिसेल अशी ठेवली, आणि सरांकडे पाहिलंच नाही. बाबा बसले.

पहिला सूर फाटला. दुसराही फाटला. मागे कुणीतरी खुसखुसलं आणि मला वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात नगराध्यक्षाचा टोप वाऱ्यानं उडाला, त्याच्यामागे शिपायांची रांग धावली आणि बाबांनी मार्च धरला. शिपाई धडपडले की मार्च धडपडे. धोबीण लाजली की बाबा लावणीकडे वळत. ती विलायतेची राहिलीच नाही, थेट आमच्या नाल्यावरची झाली. हॉल पोट धरून हसत होता, चित्रांना. आणि बाबांना बसून ऐकत होता. सगळे हसत असताना मला रडू येत होतं.

खेळ संपला, खिडक्या उघडल्या. पहिल्या रांगेतल्या एक वकिलीणबाई उठून बाबांजवळ आल्या. त्या मनापासून खूश होत्या. "काय सुरेख वाजवता हो. आमच्या मुलाच्या वरातीला घोड्यापुढे तुम्हीच हवेत," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता बाबा उठून जातील. त्यांनी क्लॅरिनेट फडक्यानं पुसलं, तुकडे सोडवून पेटीत ठेवले. "वरात नाही बाई," ते शांतपणे म्हणाले. "असे चित्रं पुन्हा आनले तं सांगजा. मी येईन."

डबे दुसऱ्या दिवशी मुंबईला परत गेले. महिन्याभरात नवा दिवा आला आणि मशीन बोलायला लागलं. सुट्टीत घरी गेले की बाबा विचारायचे, "आले काय वो पोरी, चित्रं?" चित्रं आलेली असायची, पण त्यांना आता आवाज होता. मी नाही म्हणायचे.