पुण्यास कोण आहे?

रत्नागिरीच्या सरकारी विमा कचेरीतले एक जुने कारकून प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला एकच विचारत, “पुण्यास कोण आहे हो तुमचं?” हप्ता सगळीकडे सारखाच, पण त्यांच्या टेबलावरच्या, विमा चालणाऱ्या इस्पितळांच्या यादीत पुण्याची पानंच्या पानं होती आणि रत्नागिरीचं अर्धं पान. कोकणात रेल्वे आली, हृदयाचा डॉक्टर मात्र त्या अर्ध्या पानावर अजून आला नव्हता. यादी उघडली की ते तेवढं पान तळहाताने झाकून धरत.

बाबांना घेऊन त्यांचा विमा नव्याने भरायला गेलो, तेव्हा कारकून स्वतःचाच अर्ज भरत होते. पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होते. पत्त्याच्या रकान्यात त्यांनी पुतण्याची पुण्यातली खोली लिहिली.

“आणि इथली, भाट्ये गावातली तुमची आंब्याची कलमं?” मी विचारलं.

पेनाला टोपण लावत ते हळूच म्हणाले, “छातीत कळ आली तर कलमं काय करणार हो?” मग बाबांकडे वळले. “आप्पा, पुण्यास कोण आहे?”

“कोणी नाही. आणि हवंय कशाला?” बाबा हसले.

एरवी तेही हसत. आज त्यांनी नुसताच शिक्का मारला.

घरी येताना बाबा दोनदा थांबले. “चढ आहे रे,” म्हणाले.

तो रस्ता सपाट आहे.